घरात स्मृतिभ्रंश आला तर: नाशिकच्या कुटुंबांसाठी काही कामाच्या गोष्टी

घरातल्या ज्येष्ठ माणसाचे विसरणे वाढू लागले की पहिला निवाडा घरातच होतो. कोणी ‘वय झाले’ म्हणते, कोणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवते, आणि डॉक्टरांकडे जायला वर्ष-दोन वर्षे उलटतात. आमच्याही घरी तसेच झाले. सासूबाई आयुष्यभर ज्या मिसळणाच्या डब्यातून फोडणी करत आल्या, त्याच डब्यासमोर उभ्या राहून ‘आधी काय घालतात गं?’ असे विचारू लागल्या, तेव्हाही आम्ही ते थकव्यावर ढकलले. नाशिकरोडच्या आमच्या घरात पुढची सात वर्षे त्यांची काळजी घेताना जे शिकता आले आणि या आजाराच्या अलीकडच्या संशोधनातून जे पुढे आले, ते येथे एकत्र मांडत आहे. त्यातली सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगते. ज्या महिन्यात निदान होईल त्याच महिन्यात रुग्णाच्या औषधांबरोबर काळजी घेणाऱ्या माणसाच्या झोपेची, सुट्टीची आणि खर्चाची व्यवस्था लावावी. हे काम बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा पत्नी यांच्याकडे कोणी न ठरवता येते, आणि जे ठरवलेले नसते ते वाटूनही घेतले जात नाही.

भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हे लक्षणांच्या समूहाचे नाव आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वात मोठे कारण असले तरी एकमेव नाही.

निदानाची वाट

ओळखीच्या माणसाचे नाव आठवले नाही आणि तासाभराने आठवले, तर त्याची फार चिंता करू नये. रोजच्या सवयीचे काम क्रमाने करता न येणे, द्वारका चौकापासून घरापर्यंतचा वर्षानुवर्षांचा रस्ता चुकणे, त्याच दुकानदाराला दोनदा पैसे देणे, एकच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारणे, स्वभाव अचानक संशयी होणे, या गोष्टी मात्र तारखांसह वहीत लिहून ठेवाव्यात. डॉक्टरांसमोर पाच मिनिटे बसलेला रुग्ण पुष्कळदा अगदी व्यवस्थित बोलतो, आणि अशा वेळी ही वहीच उपयोगी पडते.

कालपर्यंत बरे असलेले माणूस आज एकाएकी असंबद्ध बोलू लागले, दिवसा झोपू लागले आणि रात्री भलतेच काही दिसते म्हणू लागले, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, अंगातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध यांमुळे येणारी ती संभ्रमावस्था असते, जिला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. त्या दिवशीच रुग्णालय गाठावे.

नेहमीच्या तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, सोडियम आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या तसेच मेंदूचा सीटी किंवा एमआरआय असतो. बी-१२ची कमतरता शाकाहारी घरांत नवी नाही आणि ती भरून काढता येते, म्हणून ही चाचणी टाळू नये. नैराश्यामुळेही विसरणे वाढते. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विसरणे हे तिन्ही एकत्र दिसले, तर मेंदूत पाणी साठण्याचा विकार असू शकतो आणि त्यावर काहींना शस्त्रक्रियेने आराम पडतो. घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. सर्दीच्या, झोपेच्या आणि लघवीच्या काही जुन्या गोळ्या मेंदूला गुंगी आणतात.

स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून आणि रुग्णाच्या शिक्षणाला धरून घ्यावी, असा आग्रह जरूर धरावा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंना शंभरातून सात-सात वजा करायला सांगून गुण काढले, तर ते गुण आजाराऐवजी शाळेबद्दलच सांगतात. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर त्र्यंबक रोडवरचे जिल्हा शासकीय रुग्णालय आहे; खासगी न्यूरोलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. या आजाराचा बराचसा खर्च बाह्यरुग्ण तपासण्या, रोजच्या गोळ्या, डायपर आणि माणूस ठेवणे यांवर होतो, हे महिन्याचा हिशोब मांडताना लक्षात ठेवावे.

नव्या औषधांविषयी

नातेवाईक बातमी पाठवतात आणि आपण रात्री जागून वाचत बसतो, म्हणून याविषयी थोडे सविस्तर. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. दोन्ही औषधे सुरुवातीला शिरेतून द्यावी लागतात आणि मेंदूत साठलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन काढून टाकतात. लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत अठरा महिन्यांत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. हा आकडा मोठा वाटतो. पण अठरा गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता, आणि घरातल्या माणसाला तो जाणवेल का यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. शंभरांपैकी सुमारे तेरा जणांच्या मेंदूत सूज आढळली आणि सतरा जणांच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्राव, म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. ही औषधे फक्त अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, तीही मेंदूत अमायलॉइड असल्याचे सिद्ध झाल्यावर. गेलेली स्मृती त्यांनी परत येत नाही. मधल्या किंवा शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी त्यांच्या मागे धावून जमीन गहाण टाकण्याचा विचार कोणी करू नये, हे मी कळकळीने सांगते.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणारी पहिली रक्तचाचणी मान्य केली. ती लक्षणे असलेल्यांसाठी आहे. चाळिशीतल्या निरोगी मुलाने ‘मला होईल का’ हे पाहण्यासाठी ती करून घेऊ नये.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि मेमँटिन ही जुनी औषधे काहींना काही काळ थोडा फायदा देतात. स्मरणशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या टॉनिकांपासून दूर राहावे. गिंको या प्रसिद्ध वनस्पतीची परीक्षा तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष आला, की तिने स्मृतिभ्रंश टळत नाही.

मला स्वतःला अधिक मोलाचे वाटले ते दुसऱ्या प्रकारचे संशोधन. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये धोका वाढवणारे चौदा घटक सांगितले आणि ते सर्व हाताळता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असे मांडले. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, बहिरेपण, उपचार न केलेली अंधुक नजर, नैराश्य, धूम्रपान, मद्य, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण आणि एकटेपण हे त्यांपैकी काही. ही यादी रुग्णाइतकीच काळजी घेणाऱ्यासाठीही आहे. सासूबाईंच्या मागे धावताना माझा स्वतःचा रक्तदाब दोन वर्षे कोणी मोजला नव्हता. मोजला तेव्हा तो १६० निघाला.

कानांविषयी विशेष सांगावेसे वाटते. २०२३ च्या एका अमेरिकन चाचणीत श्रवणयंत्र दिलेल्या सर्व ज्येष्ठांचा एकत्रित निकाल फारसा वेगळा आला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच जास्त होता, त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आमच्याकडे तर ‘आईंना काही समजत नाही’ असे ज्याला आम्ही म्हणत होतो, त्यातले बरेचसे ‘ऐकू येत नाही’ असे निघाले. कानातला मळ काढला, यंत्र बसवले आणि जेवताना त्या पुन्हा दोन शब्द बोलू लागल्या. मोतीबिंदूचेही तसेच आहे. शस्त्रक्रिया करायची असेल तर आजार वाढण्याआधी करावी, कारण नंतर डोळ्यांवरची पट्टी सांभाळणे रुग्णाला जमत नाही.

कागदपत्रे लवकर

हा भाग कोणालाच आवडत नाही आणि उशीर झाल्यावर सर्वात जास्त त्रास येथेच होतो. वडील भानावर असतानाच मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे पुढची चिंता मिटली, असा समज सगळीकडे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकलमनस्क झाली की ते मुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते टिकत नाही. त्यानंतर घर विकायचे किंवा मोठी ठेव मोडायची झाली, तर पालक नेमण्यासाठी न्यायालयात जावे लागू शकते.

म्हणून रुग्ण अजून विचार करून निर्णय घेऊ शकतो त्या दिवसांतच बँकेची खाती ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशा) पद्धतीने संयुक्त करावीत, ठेवींवर आणि सोसायटीत नामनिर्देशन पाहून घ्यावे, आणि मृत्युपत्र करायचे असेल तर त्या दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. हे सगळे रुग्णाच्या इच्छेने आणि सर्व भावंडांना सांगून व्हावे. चोरून केलेले काम पुढे घर फोडते. सही जुळेनाशी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे काढण्याची सोय आहे. नोटांच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी आपल्या शहरात आहेत. त्यांच्या निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला पोस्टमनमार्फत घरबसल्या देता येतो, त्यामुळे बँकेच्या रांगेत रुग्णाला उभे करण्याची गरज नाही.

एटीएम कार्ड आणि ओटीपी येणारा फोन हळूहळू आपल्याकडे घ्यावा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर कळवावे.

दिवसाचे चोवीस तास

रुग्णाशी वाद घालून काहीही साध्य होत नाही, हे वाचायला सोपे आणि करायला फार अवघड आहे. सासूबाई रोज दिवेलागणीच्या सुमारास पिशवी भरून दाराशी येत आणि ‘मला सिन्नरला सोड, आई वाट पाहत असेल’ म्हणत. त्यांची आई जाऊन पन्नास वर्षे झाली होती. पहिल्या महिन्यांत मी ते खरे सांगत असे, आणि प्रत्येक वेळी त्यांना ती बातमी नव्यानेच समजे आणि त्या नव्याने रडत. पुढे मी ‘चहा घेऊ आणि निघू, तुमची आई भाकरी कशी करायच्या?’ असे विचारू लागले. त्या सांगत राहत, चहा संपे, पिशवी खाली ठेवली जाई. ‘घरी जायचे’ म्हणजे पुष्कळदा ‘येथे मला सुरक्षित वाटत नाही’ असे असते आणि उत्तर त्या भीतीला द्यायचे असते. अंधार पडण्याआधीच सगळे दिवे लावावेत, टीव्हीवरच्या बातम्या बंद कराव्यात आणि त्या वेळेला हातांना काम द्यावे: लसूण सोलणे, वाती वळणे, धुतलेले रुमाल घडी करणे. रुमालाची घडी वाकडी झाली तर ती तशीच राहू द्यावी.

आंघोळीवरून होणारी भांडणे सर्वात थकवणारी असतात. नकाराचे कारण शोधावे. थंडी वाजते का, कोणासमोर कपडे काढण्याची लाज वाटते का, डोक्यावर पडणाऱ्या शॉवरची भीती वाटते का? नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे कोणालाही आंघोळ नकोशी वाटते. मग ती दुपारी उन्हाच्या वेळी ठेवावी. शॉवर सोडून बादली आणि तांब्या घ्यावा, अंगावर पातळ पंचा राहू द्यावा, पाणी आधी त्यांच्याच हातावर ओतावे. एखादा दिवस ओल्या कापडाने अंग पुसले तरी काही बिघडत नाही.

चिडणे, मारायला धावणे, रात्रभर फेऱ्या घालणे असे काही नव्याने सुरू झाले, की काय झाले, किती वाजता झाले आणि त्याच्या आधी काय घडले, हे लिहावे. चार दिवसांच्या नोंदींत बहुधा काहीतरी सापडते: बद्धकोष्ठ, दातदुखी, गुडघ्याची कळ, कामाला आलेली नवी मावशी, मोठा आवाज. शांत करणारी मानसिक आजारांवरची औषधे हा नंतरचा उपाय आहे. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेत २००५ पासून त्यांच्यावर आहे. इजा होण्याची वेळ आली तर ती लागतात. पण किती दिवस द्यायची आणि कधी कमी करायची, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.

गॅसचा मुख्य कॉक रात्री बंद करावा, न्हाणीघरात हाताला धरायला दांडा बसवावा. रुग्णाला एकटे ठेवून बाहेरून कुलूप लावून मात्र कधीच जाऊ नये, कारण आग लागली तर त्याला बाहेर पडता येणार नाही.

भटकण्याचा धोका आपल्या शहरात अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. पंचवटी, रामकुंड, सीबीएस बसस्थानक, नाशिकरोड रेल्वे स्थानक येथे दररोज परगावची गर्दी असते आणि गोंधळलेले एक म्हातारे माणूस तेथे कोणाच्या नजरेत भरत नाही. २०२७ च्या सिंहस्थात ही गर्दी कित्येक पटींनी वाढेल. कपड्याच्या आतल्या बाजूला फोन क्रमांक शिवावा, गळ्यात किंवा मनगटावर नाव-क्रमांकाची पट्टी असावी, आणि अलीकडचा पूर्ण उंचीचा फोटो फोनमध्ये ठेवावा. कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षा थांबा आणि सोसायटीचा रखवालदार यांना आजाराविषयी स्पष्ट सांगावे. लपवून ठेवले तर मदत कोणाकडून मिळणार? माणूस सापडत नसेल तर अर्ध्या तासाहून जास्त स्वतः शोधत बसू नये, ११२ वर फोन करावा. पर्वण्यांच्या दिवशी रुग्णाला गोदाघाटावर नेऊ नये. पाणी घरी आणून अंगावर शिंपडता येते.

काळजी घेणाऱ्याची काळजी

काळजी घेणाऱ्याला दिलेला आधार उपयोगी पडतो, याचे चाचण्यांतून मिळालेले पुरावे आहेत. लंडनमध्ये प्रशिक्षित व्यक्तींनी नातेवाइकांबरोबर आठ बैठका घेतल्या. ताण कसा हाताळावा, वागणुकीतले बदल कसे समजून घ्यावेत, मदत कशी मागावी, एवढेच त्यांत शिकवले जाई. त्याचा नैराश्यावरचा चांगला परिणाम सहा वर्षांनंतरही टिकून होता. आपल्याला अधिक जवळचा दाखला गोव्याचा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ८१ कुटुंबे होती. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन माहिती देत आणि धीर देत, आणि तेवढ्याने काळजी घेणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयसपोर्ट’ हा काळजीवाहकांसाठीचा शिकवणी कार्यक्रम तयार केला असून भारतासाठी त्याचे रूपांतरही झाले आहे.

आपल्या घरी हे कसे आणावे? निदान झाल्यावर पंधरा दिवसांत सर्व भावंडांना एकत्र बसवावे. पुण्या-मुंबईच्या मंडळींना व्हिडिओ कॉलवर घ्यावे. ‘काही लागले तर सांग’ हे वाक्य त्या बैठकीत मान्य करू नये, कारण त्यात विचारण्याचे ओझे पुन्हा त्याच थकलेल्या व्यक्तीवर येते. त्याऐवजी कागदावर लिहावे: औषधांचा खर्च कोण देणार, डॉक्टरांकडे कोण नेणार, महिन्यातले कोणते दोन दिवस कोण येऊन राहणार, रात्री कोण उठणार. जो दूर आहे त्याने पैसे आणि सुट्टीचे दिवस द्यावेत. चार तासांसाठी येणारा पाहुणा ‘आई तर ठणठणीत दिसतात’ म्हणाला, तर त्याच्याकडे आईंना एक रात्र सोपवावी. मी हे दिराच्या बाबतीत केले आणि त्यानंतर दर महिन्याचा खर्च न मागता येऊ लागला.

काळजी घेणारी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी ठेवायची असेल तर दर आठवड्याला माणूस बदलणार नाही, हे आधी लिहून घ्यावे. आम्हाला एका ठिकाणाहून दोन महिन्यांत सहा वेगवेगळ्या बाया आल्या आणि प्रत्येक नव्या चेहऱ्याबरोबर सासूबाईंची भीती वाढत गेली. मावशींची ओळखपत्रे आणि पोलीस पडताळणी पाहावी, पहिले तीन दिवस त्यांच्यासोबत थांबावे, रुग्णाला काय आवडते आणि कशाने ते घाबरतात हे एका पानावर लिहून भिंतीला लावावे. मावशींनाही साप्ताहिक सुट्टी द्यावी.

सलग झोप लागत नसेल, जेवण नकोसे झाले असेल, रुग्णावर हात उगारला गेला असेल किंवा ‘हे सगळे संपावे’ असा विचार मनात आला असेल, तर त्याची लाज वाटून घेऊ नये आणि तो दिवस तसाच जाऊही देऊ नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत उपलब्ध असते. रोज निदान अर्धा तास घराबाहेर पडावे. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या मारण्याइतका वेळ मला मिळू लागला, त्या महिन्यापासून माझे ओरडणे कमी झाले.

शेवटचा टप्पा

गिळणे अवघड होऊ लागले की नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याचा प्रश्न येतो, आणि तो बहुधा मध्यरात्री, रुग्णालयाच्या व्हरांड्यात येतो. पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे अभ्यासांतून दिसलेले नाही. उलट रुग्ण ती ओढून काढतो म्हणून त्याचे हात बांधण्याची वेळ येते. हा निर्णय घरच्यांनी आपल्या डॉक्टरांशी शांत दिवसात, आधीच बोलून घ्यावा. सासूबाईंना आम्ही शेवटपर्यंत हातानेच भरवले. पाठ ताठ करून बसवायचे, हनुवटी थोडी खाली, लहान चमच्याने मऊ भात किंवा दाटसर पेज, आधीचा घास गिळल्याची खात्री करून मगच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. एका वाटीला कधी पाऊण तास लागे. अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदलणे आणि टाचा, माकडहाड, खांदे यांवर लालसर डाग दिसतो का ते रोज पाहणे, हे दिवसा मी आणि रात्री दीर करत असत.